तुटपुंज्या पैशांत छायाचित्रणाचा सरंजाम



फोटोग्राफीचा नाद खर्चिक, अशी आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांची जुनी समजूत आहे, आणि ती अगदींच निराधार आहे असें मला म्हणवत नाहीं. घरांतली एखादी मुलगी महिना-दोन महिने मोठ्या हौसेनें फोटो काढते, चार लोक वाहवा करतात, आणि लागलीच हातांतला कॅमेरा तिला अपुरा वाटूं लागतो. मग जाहिराती पाहणें, किंमतींची चौकशी करणें, आणि अखेरीस वडील माणसांकडे दबकत दबकत शब्द टाकणें, हा क्रम ठरलेला असतो. हौसेच्या बाबतींत फार तर थोडा रुसवा होतो आणि प्रकरण मिटतें. परंतु ज्या घरांत कॅमेरा हेंच पोट भरण्याचें साधन आहे, तेथें हाच प्रश्न निराळें रूप धारण करतो.

आमच्या जिल्ह्यांतलेंच उदाहरण घेऊं. यवतमाळ शहराला लागून लोहारा आहे. औद्योगिक वसाहतीमुळें त्याचें नांव बाहेरच्यांनाही परिचित आहे. भोंवतालचा मुलूख मात्र कापसाचा. अशा ठिकाणीं लग्नें, बारशीं, शाळांचीं संमेलनें यांचे फोटो काढून प्रपंच चालविणाऱ्या माणसाची मिळकत कापसाच्या गाड्यांबरोबर येते आणि त्यांच्याबरोबरच आटते. तुळशीचें लग्न लागलें कीं त्याची धांवपळ सुरू होते, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला कीं ती थंडावते. कॅमेरा हप्त्यांनीं घेतला तर हप्ता मात्र बाराही महिने दाराशीं येतो. त्याला चातुर्मास ठाऊक नसतो. शेजारच्या फोटोवाल्यानें नवें यंत्र आणलें, गिऱ्हाईक विचारूं लागलें कीं तुमच्याकडे तें आहे का, आणि नाहीं म्हणावें तर हंगाम हातचा जातो, अशा पेंचांत सांपडलेल्या माणसानें काय करावें? नवी वस्तु घ्यावीच का, घ्यावयाची तर कोणती आधीं, आणि पैसा कोठून आणावा? आज मीं बोलणार आहें तें याविषयीं. पण बोलणें नुसत्या यंत्रांचें होऊं नये म्हणून प्रथम तीन मराठी माणसांची हकीकत सांगतों. नव्या यंत्राचा मोह तिघांनाही पडला होता, आणि तिघांनीं तीन निरनिराळ्या वाटा धरल्या.

पहिले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ऊर्फ सावेदादा. मुंबईंत त्यांचा फोटोग्राफीचा धंदा होता. ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत प्रथम दाखविलीं गेलीं, आणि त्या नवलानें भारून गेलेल्यांत सावेदादा होते. त्यांनीं इंग्लंडांतील ब्रॅडफर्डच्या रायली ब्रदर्स या कंपनीकडून एकवीस गिनींचा कॅमेरा मागविला. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग; तेव्हां ही रक्कम बावीस पौंड एक शिलिंग झाली, आणि त्या सुमाराचा पौंडाचा भाव पंधरा रुपये धरला तर तीनशें तीस रुपये. १८९९ सालीं त्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें पुंडलीक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पहिलवानांची कुस्ती चित्रित केली. डिसेंबर १९०१ मध्यें रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परत आले, तेव्हां त्यांच्या स्वागताचें चित्रणही त्यांनींच केलें. यांत मला विशेष वाटतें तें असें, कीं कुस्तीची फिल्म धुण्यासाठीं त्यांनीं स्वतःची रसायनशाळा उभारली नाहीं. ती विलायतेस पाठवून धुऊन आणविली. विषयही असे निवडले कीं पहिलवानांना सोंग द्यावयाचें नाहीं, पडदे रंगवावयाचे नाहींत, आणि दिवे लावावयाचे नाहींत. सूर्यनारायण फुकट होता. चालता धंदा हातांत असतांना एकच वस्तु विकत घ्यावी आणि बाकीचें दुसऱ्याकडून करवून घ्यावें, हा त्यांचा हिशेब होता.

दुसरे दादासाहेब फाळके. कर्ज काढून कॅमेरा घेऊं पाहणारे तरुण त्यांनाच साक्षीला उभे करतात. "फाळक्यांनीं नाहीं का विमा गहाण टाकला?" असा त्यांचा सवाल असतो. टाकला हें खरें. पण हकीकत पुरती ऐकली पाहिजे. १९१०-११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला, तेव्हां ते चाळिशीला आले होते. बडोद्याच्या कलाभवनांतील शिक्षण, गोध्र्यास फोटोचा धंदा, पुराणवस्तुसंशोधन खात्यांतील नोकरी, मग ठसे करण्याचा आणि छपाईचा कारखाना, एवढें सगळें त्यांच्या मागें होतें. प्रकाश आणि रसायनें हीं त्यांना नवीन नव्हतीं. त्यानंतरही त्यांनीं कित्येक महिने स्वस्तांतलें साहित्य जमवून प्रयोग केले, आणि रात्रंदिवस चित्रपट पाहून त्यांतली खुबी शोधली, इतकें कीं डोळे अधू झाले आणि इलाज करावा लागला. विमा गहाण पडला तो यानंतर. बारा हजारांच्या पॉलिश्यांवर त्यांनीं दहा हजार उभे केले असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें.

१ फेब्रुवारी १९१२ रोजीं ते विलायतेस निघाले आणि दोन महिन्यांत परत आले. तेथें त्यांनीं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, पन्नास पौंडांना. पंधराच्या भावानें हे साडेसातशें रुपये होतात. म्हणजे ज्या कर्जाचा एवढा बोलबाला झाला, त्यांतला कॅमेऱ्याचा वांटा शेंकडा साडेसातच. बाकीचा पैसा कच्ची फिल्म, तिला भोंकें पाडण्याचें यंत्र, प्रवास, आणि जाणत्या माणसांचें काम डोळ्यांनीं पाहणें यांत गेला. वॉल्टन येथें सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओंत त्यांनीं सगळ्या क्रिया पाहून घेतल्या. आमच्या तरुणांचा हिशेब नेमका उलटा असतो. शेंकडा नव्वद यंत्रावर आणि उरलेल्यांत काय बसेल तें.

परत आल्यावर तरी लगेच पैसा मिळाला का? नाहीं. कुंडींत वाटाणा पेरून, त्यासमोर कॅमेरा मांडून, अंकुर फुटण्यापासून वेल होईपर्यंतची वाढ त्यांनीं महिन्याहून अधिक काळ टिपली, आणि मिनिटाहून थोडी मोठी फिल्म तयार केली. रोज एकच चौकट घेतली असें कोठें कोठें सांगतात, पण तें गणितांत बसत नाहीं. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर मिनिटाच्या फिल्मला नऊशें साठ चौकटी लागतात. तीस दिवसांत त्या घ्यावयाच्या तर दिवसाला बत्तीस झाल्या, आणि काम केवळ दिवसाउजेडीं करावयाचें तर दर वीस-बावीस मिनिटांना एक. म्हणजे माणूस महिनाभर त्या कुंडीला बांधला गेला होता! ही फिल्म दाखविली तेव्हां कोठें पुढचें भांडवल उभें राहिलें, आणि तें देणाऱ्यांत नाडकर्णी होते, जे स्वतः फोटोच्या सामानाचा व्यापार करीत. माल ओळखणाऱ्या माणसानें माल पाहून पैसे दिले. मग सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, अंधारांत बसून कच्च्या फिल्मला भोंकें पाडलीं, आणि उन्हांत पांढऱ्या चादरी धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडला. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. त्या चादरींकडे मीं पुढें पुन्हा येणार आहें.

तिसरे कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री, ज्यांना आपण बाबूराव पेंटर म्हणतों. त्यांना पन्नास पौंडही शक्य नव्हते. ते आणि त्यांचे बंधु आनंदराव नाटकांचे पडदे रंगवीत. मुंबईच्या जुन्या बाजारांतून त्यांनीं चित्रपट दाखविण्याचें जुनें यंत्र मिळविलें आणि तें उलगडून त्याची घडण समजून घेतली. यांत एक साधें तत्त्व आहे. चित्र दाखविणाऱ्या यंत्रांत फिल्म थांबत थांबत सरकते. ती क्षणभर थांबली असतां पडदा उघडून आंतला दिवा बाहेर चित्र फेंकतो, आणि पडदा मिटला असतां फिल्म एक घर पुढें जाते. कॅमेऱ्यांतही हेंच घडतें. फरक इतकाच कीं प्रकाश बाहेरून आंत येतो. ज्याला एक समजलें त्याला दुसरें करतां येतें. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें काम पुढें नेलें, आणि १९१८ च्या सुमारास देशी कॅमेरा चालूं लागला. तानीबाई कागलकर या गायिकेनें पैशाचें साह्य केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' पुण्याच्या आर्यन थिएटरांत झळकली. लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना सिनेमाकेसरी म्हटलें तें याच कामगिरीवर. त्याच बाबूरावांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' काढला, ज्यांत कर्जापायीं जमीन गमावून बसलेल्या शेतकऱ्याची कथा आहे आणि तरुण शेतकऱ्याचें काम शांतारामबापूंनीं केलें आहे. आमच्या वऱ्हाडांत ती कथा कोणाला समजावून सांगावी लागत नाहीं.

असो. आतां आजच्या बाजाराकडे वळूं.

नवा कॅमेरा घेण्याची इच्छा झाली, कीं प्रथम आपले वाया गेलेले शंभर फोटो काढून बसावें. चांगले नव्हेत, वाया गेलेले. प्रत्येकाला कारण लिहावें. हा हलला, हा काळवंडला, याचा फोकस नाकाऐवजीं मागच्या खांबावर गेला, यांत नवरीचे डोळे मिटले, यांत डोक्यावरून विजेची तार गेली. शंभर झाले म्हणजे बेरीज करावी. डोळे मिटले आणि तार गेली, या दोषांवर कोणत्याही दुकानांत औषध मिळत नाहीं. हलले आणि काळवंडले यांवर मिळतें, पण तें बहुधा कॅमेऱ्याच्या कपाटांत नसून लेन्सच्या आणि दिव्यांच्या कपाटांत असतें. अंधारांत कॅमेऱ्याचा फोकस चांचपडतो आणि क्षण निसटतो, अशीं कारणें तीस-चाळीस निघालीं, तरच बॉडी बदलण्याची भाषा करावी.

पिक्सेलच्या आंकड्याला तर मुळींच भुलूं नये. बारा इंच रुंद आणि अठरा इंच लांब असा फोटो छापावयाचा, आणि इंचाला दोनशें ठिपके धरावयाचे, तर चोवीसशें गुणिले छत्तीसशें, म्हणजे ८६ लाख ४० हजार ठिपके लागतात. दहा-बारा वर्षांपूर्वींच्या साध्या कॅमेऱ्यांतही याच्या दुप्पट असत. शिवाय आंकडा दुप्पट झाला म्हणजे बारकावा दुप्पट होत नाहीं. ठिपके लांबींतही वाढावे लागतात आणि रुंदींतही, म्हणून दुप्पट बारकाव्याला चौपट ठिपके लागतात. बारावरून चोवीसवर गेलेल्याला बारकावा दीडपटही मिळत नाहीं, आणि आपल्या लग्नाच्या अल्बमांत एका पानावर पांच-सहा फोटो बसवावयाचे असल्यामुळें मिळतो तोही दिसत नाहीं.

लेन्सची गोष्ट निराळी. कॅमेऱ्याबरोबर जी अठरा ते पंचावन मिलिमीटरची लेन्स येते, तिचें तोंड लांबच्या टोकाला फ ५.६ पेक्षां अधिक उघडत नाहीं. पन्नास मिलिमीटरची, फ १.८ तोंडाची साधी लेन्स नवी घेतली तरी बॉडीच्या मानानें बरीच स्वस्त पडते. या दोन आंकड्यांचें गुणोत्तर काढून त्याचा वर्ग करा, साडेनऊ-पावणेदहा येतो. म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश आंत येतो. ज्या खोलींत शटर सेकंदाच्या पंधराव्या भागावर ठेवावें लागे आणि वऱ्हाडी हलले कीं फोटो जाई, तेथें तें सेकंदाच्या दीडशेंव्या भागावर नेतां येतें. इतका फरक कोणत्याही नव्या बॉडीनें एका उडींत पडत नाहीं. मात्र तोंड पुरतें उघडलें कीं फोकसची खोली उथळ होते. नवरानवरी मागेंपुढें उभीं असलीं तर एकाचाच चेहरा स्पष्ट येतो. आणि लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते, म्हणून आपल्याकडच्या दहा फुटी खोलींत मागें सरतां सरतां पाठ भिंतीला लागते. अशा घरांतल्या कामाला पस्तीसची बरी.

जुन्या लेन्सांविषयीं दोन शब्द. निकॉन कंपनीनें १९५९ सालीं एफ नांवाची जी लेन्स बसविण्याची खांचणी आणली, ती तिनें पुढें आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांपर्यंत कायम राखली. त्यामुळें वडिलांच्या काळची लेन्सही मुलाच्या कॅमेऱ्यावर बहुधा बसते. स्वस्तांतल्या बॉडींत फोकसची मोटर नसल्यानें ती हातानें फिरवावी लागते इतकेंच. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत तर याहून मौज आहे. आरशासाठीं सोडावी लागणारी जागा तेथें नको, म्हणून लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचें अंतर एफमध्यें साडेशेहेचाळीस मिलिमीटर असे, तें निकॉनच्याच नव्या झेड कॅमेऱ्यांत सोळा झालें. मधले साडेतीस मिलिमीटर एका पोकळ कड्यानें भरून काढले, कीं जुनी लेन्स आपल्या जुन्या अंतरावर येऊन बसते. बसलेल्या आजोबांचा फोटो काढावयास हें झकास आहे. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणाला मात्र हातानें फोकस करीत बसूं नये. तो क्षण पुन्हा येत नाहीं, आणि यजमान ऐकून घेत नाहीं.

आतां सरस्वतीबाईंच्या चादरी. मला वाटतें कीं आपल्याकडील फोटोंचा निम्मा दोष यंत्राचा नसून उजेड कोठून येतो हें न पाहण्याचा आहे. भर दुपारीं अंगणांत नवरीला उभी केली तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि नाक चकाकतें. तीच दाराच्या आंत दोन हात सावलींत उभी केली, आणि बाहेर उन्हांत पांढरी चादर अंथरली, तर मऊ उजेड खालून चेहऱ्यावर येतो. चादरीऐवजीं थर्मोकोलचा पांढरा तक्ता घेतला तरी तेंच काम होतें. मोठमोठ्या चित्रपटांच्या कामावरही तो वापरतात. फ्लॅश घ्यावयाचा झाला तर मान वळणारा घ्यावा आणि पांढऱ्या छताकडे वळवावा. मंडपाला छत नसतें आणि कापड लालपिवळें असतें. तेथें छतावर मारलेला फ्लॅश सगळ्या मंडळींना कावीळ झाल्यासारखें दाखवितो, म्हणून पांढरी छत्री लावावी. ती जवळ ठेवावी, कारण दिवा दुप्पट लांब गेला कीं उजेड निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. हा नियम एकदां अंगवळणी पडला कीं महागड्या दिव्याची गरज पुष्कळ कमी होते. ट्रायपॉड जुना चालेल, पण डुगडुगणारा नको. मेमरी कार्डें मात्र नवीं, पक्क्या दुकानांतलीं आणि पावती घेऊन घ्यावीं. लग्न बुडालें तर भरपाई करण्याजोगी किंमत कोणालाच देतां येत नाहीं.

बॉडी बदलावयाचीच असें ठरलें, तर जुन्या मालाला सध्यां दिवस बरे आहेत. २०१८ सालीं निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनीं मोठ्या सेन्सरचे आरसाविरहित कॅमेरे आणले, आणि तेव्हांपासून नवें संशोधन त्या बाजूला वळलें. परिणामीं आरशाचे उत्तम कॅमेरे हौशी लोकांनीं विकावयास काढले. ते काल जितके चांगले फोटो काढीत होते तितकेच आजही काढतात. पण घेतांना घाई करूं नये. शटर किती वेळां उघडलें याचा आंकडा पाहावा. सर्वसाधारण बॉड्यांचीं शटरें लाख ते दोन लाख उघडझांपींच्या हिशेबानें केलेलीं असतात. तोंड फ १६ वर आणून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा, म्हणजे सेन्सरवरची धूळ आणि डाग उघडे पडतात. लेन्समध्यें एका बाजूनें विजेरीचा झोत सोडून दुसऱ्या बाजूनें पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी आहे, आणि तसली लेन्स फुकट मिळाली तरी इतर लेन्सांजवळ ठेवूं नये. मूळ पावती आणि बॉडीवरचा नंबर जुळवावा. पावती नाहीं, किंमत मात्र अर्ध्याहून कमी, अशा ठिकाणीं चहा पिऊन परत यावें.

भाड्याची वाट आपल्याकडे अजून पुरेशी मळलेली नाहीं. समजा एखाद्या महाग लेन्सचें रोजचें भाडें तिच्या किंमतीच्या पन्नासाव्या हिश्शाइतकें आहे आणि वर्षांतून तिचें काम बारा दिवस पडतें. तर भाड्याची बेरीज तिच्या किंमतीला पोंचावयास चार वर्षांहून अधिक काळ लागतो. तोंपर्यंत त्याहून चांगली लेन्स त्याच भाड्यांत मिळूं लागलेली असते. दोन-तीन फोटोवाल्यांनीं मिळून एक मोठी लेन्स घ्यावी हीही कल्पना वाईट नाहीं, पण लग्नाच्या तिथी सगळ्यांच्या एकाच दिवशीं येतात, आणि तेथें मैत्रीची परीक्षा होते. त्यापेक्षां एकानें घ्यावी आणि दुसऱ्यानें ठरल्या भाड्यानें न्यावी, हें सोपें.

राहतां राहिलें कर्ज. तें काढूंच नये असें मीं म्हणणार नाहीं; धंदा वाढत असेल आणि कामें नाकारावीं लागत असतील, तर कर्ज हें अवजार आहे. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत शिशु या सदराखालीं पन्नास हजारांपर्यंतचें कर्ज तारण न ठेवतां मिळण्याची तरतूद आहे, आणि जुनी बॉडी, एक लेन्स व एक फ्लॅश एवढ्यांत बसण्यासारखीं आहेत. दुकानांतील बिनव्याजी हप्त्यांचा कागद मात्र शेवटपर्यंत वाचावा. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळते का, आणि कागदपत्रांचा आकार वेगळा किती, हें विचारलें कीं बिनव्याजीपण पुष्कळदां विरघळतें. मीं ज्यांना सल्ला देतों त्यांना एवढेंच सांगतों, कीं आषाढ ते कार्तिक या महिन्यांचे हप्ते आधींच बाजूला काढून ठेवतां येत असतील तर सही करा. येत नसतील तर तुम्ही कॅमेरा घेत नसून पावसाळ्यावर पैज लावतां आहां, आणि कापूस पिकविणाऱ्या तुमच्या गिऱ्हाइकानेंही तीच पैज त्याच वेळीं लावलेली असते. दोघांची एकदमच बुडाली, तर फोटोचे राहिलेले पैसेही येत नाहींत.

शेवटीं एक बिनखर्चाचें काम. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं लेन्सा कातडी पिशव्यांतून बाहेर काढाव्या, कारण कातडें ओल धरतें आणि बुरशीला तेंच हवें असतें. घट्ट झांकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्यावा, तळाशीं सिलिका जेलच्या पुड्या पसराव्या, वर लेन्सा ठेवाव्या. जेलचे रंगीत दाणे मिळतात ते घेतल्यास बरें. ओल पिऊन रंग पालटला कीं मंद आंचेवर तापवून ते पुन्हा वापरतां येतात. आणि आठवड्यांतून एकदां, काम असो वा नसो, प्रत्येक लेन्स डब्यांतून काढून अर्धा तास उजेडांत ठेवावी आणि चार फोटो काढावे.